नायक विज्ञानकथालेखक आहे की ज्योतिषी?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ राहील. तुम्ही साडेचार हजार शब्दांची एक विज्ञानकथा लिहिली आहे. तिचा नायक स्वतः विज्ञानकथा लिहितो. त्याने दिवाळी अंकासाठी लिहिलेली एक गोष्ट पुढच्या वर्षभरात तपशीलवार खरी होऊ लागते आणि तो हादरतो. कथा वाचलेल्या दोन मित्रांनी तुम्हाला सांगितले की, लेखकाने लेखकावर लिहिणे म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटून घेणे आहे आणि सर्वसाधारण वाचकाला त्याचे काहीही सोयरसुतक नसते. तेव्हा विज्ञानकथेच्या जगावरच विज्ञानकथा लिहिण्याचा प्रकार मान्य आहे का, मराठीत तो चालेल का आणि पुढचा खर्डा करण्यापूर्वी काय वाचावे, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी विज्ञानकथा लिहू लागले त्याला तेवीस वर्षे झाली. त्यांपैकी नऊ वर्षे एका दिवाळी अंकाकडे आलेल्या विज्ञानकथांची पहिली चाळणी करण्याचे काम माझ्याकडे होते. तुमची कथा मी वाचलेली नाही, त्यामुळे ती जमली आहे की फसली आहे, याविषयी मला बोलता येणार नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र निर्धास्तपणे देता येते. हा प्रकार नुसता मान्य नाही, तर चांगला जुना आणि भरघोस आहे. इंग्रजीत त्याला ‘रिकर्सिव्ह सायन्स फिक्शन’ असे नावही आहे. अँथनी लुइस यांनी अशा साहित्याची टिपांसह केलेली सूची १९९० मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि माइक रेझ्निक यांनी १९९२ मध्ये केवळ अशाच सतरा कथांचा ‘इनसाइड द फनहाउस’ हा संग्रह संपादित केला. मित्रांच्या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग इथेच निकालात निघतो.

दुसरा अर्धा भाग इतका सहज निकालात निघत नाही, कारण तुमच्या मित्रांना काहीतरी खरोखरच खटकलेले आहे, फक्त त्याचे नाव त्यांनी चुकीचे सांगितले आहे, असे मला वाटते. नायक लेखक आहे, ही अडचण नाही. तो लेखक आहे म्हणून कथेत नेमके काय घडते, ही अडचण आहे.

हे मला कसे कळले, ते सांगते. लिहायला लागल्यावर चौथ्या की पाचव्या वर्षी मीसुद्धा जवळपास तुमच्यासारखीच कथा लिहिली होती. माझ्या नायिकेच्या गोष्टीतले धरण फुटते आणि आठ दिवसांत खरे धरण फुटते, असा तिचा गाभा होता. त्यात आमच्या लेखकमंडळींच्या बैठकीतले विनोद ठासून भरले होते आणि ते मला फार खुसखुशीत वाटत होते. ज्या संपादकांकडे ती पाठवली, त्यांनी ती परत करताना समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती : ही बाई विज्ञानकथालेखिका असण्याऐवजी ज्योतिषी असती, तर या कथेतले काय बदलले असते? मी दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी कथा पुन्हा वाचली आणि लक्षात आले की, बैठकीतले विनोद वगळले तर एक शब्दही बदलला नसता. भाकीत केले, ते खरे ठरले, करणाऱ्याला भीती वाटली. ही ज्योतिष्याची कथा आहे आणि ती विज्ञानकथेपेक्षा कितीतरी जुनी आहे. तेव्हापासून या प्रकारातली प्रत्येक कथा, स्वतःची असो वा दुसऱ्याची, मी आधी याच प्रश्नावर घासून पाहते. तुम्हीही तुमच्या कथेला आधी हाच प्रश्न विचारावा.

या गोंधळावरच बेतलेली एक उत्तम कथा आहे. फिलिप के. डिक यांची ‘वॉटरस्पायडर’ ही कथा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या भविष्यकाळातल्या माणसांचा असा ठाम समज झालेला आहे की, विसाव्या शतकातले विज्ञानकथालेखक हे खरोखरचे द्रष्टे होते आणि ज्यांना आपण कथांची मासिके म्हणतो, ती त्या द्रष्ट्यांची भाकिते नोंदवणारी नियतकालिके होती. त्यांचा अंतराळप्रवासातला एक तांत्रिक प्रश्न अडलेला असतो. म्हणून ते कालप्रवास करून १९५४ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या विज्ञानकथा संमेलनात येतात आणि पोल अँडरसन या खऱ्याखुऱ्या, तेव्हा हयात असलेल्या लेखकाला उचलून घेऊन जातात. ते संमेलन खरोखरच भरले होते आणि अँडरसन तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. डिक यांनी आपल्या अनेक समकालीनांना त्या गर्दीत नावानिशी उभे केले आहे. ‘नायकाऐवजी ज्योतिषी चालला असता का?’ हा प्रश्न या कथेला लावला की मजा येते, कारण ज्योतिषी आणि लेखक यांतली गल्लत हेच या कथेचे कथानक आहे. अँडरसनऐवजी खरा ज्योतिषी ठेवला तर कथा जागच्या जागी कोसळते.

आता कोणी म्हणेल की, विज्ञानकथांमधली भाकिते खरी होतातच की! होतात, पण ती कशी होतात ते पाहणे उद्बोधक आहे आणि तुमच्या कथेला त्याचा थेट उपयोग आहे. मार्च १९४४ च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात क्लीव्ह कार्टमिल यांची ‘डेडलाइन’ ही कथा छापून आली. तिच्यात युरेनियम २३५ पासून बनवलेल्या बॉम्बचे वर्णन होते. अमेरिकेचा अणुबॉम्बचा प्रकल्प त्या वेळी अत्यंत गुप्तपणे चालला होता, त्यामुळे गुप्तहेर खात्याची माणसे चौकशीसाठी संपादक जॉन कॅम्बेल यांच्या कार्यालयात येऊन दाखल झाली. कॅम्बेल यांचे म्हणणे असे होते की, यात फुटलेले गुपित काहीच नाही, युद्धापूर्वी उघडपणे छापल्या गेलेल्या शास्त्रीय माहितीतूनच हे सारे जुळवता येते. म्हणजे जे लोकांना भाकीत वाटले, ते प्रत्यक्षात वाचन होते, तर्क होता आणि एका संपादकाने लेखकाला पुरवलेली माहिती होती. विज्ञानकथालेखकाचे ‘खरे ठरणे’ हे असे कष्टाचे, कागदपत्रांचे आणि काहीसे अपघाताचे असते. तुमच्या नायकाची गोष्ट खरी होत असेल, तर ती कुठल्या वाटेने खरी होते, याचा विचार कथेत कुठेतरी दिसला पाहिजे. त्याने जे वाचले होते, तेच दुसऱ्या कोणीही वाचले होते का? की त्याची गोष्ट वाचूनच कोणीतरी ते करायला घेतले? या दोन वाटा दोन वेगळ्या कथांकडे जातात. तिसरी वाट, म्हणजे ‘आपोआप, गूढपणे’, ही ज्योतिष्याची वाट आहे.

कार्टमिल यांची गोष्ट निघालीच आहे, तर एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. त्यांच्या कथेत लढणाऱ्या दोन बाजूंची नावे ‘सिक्सा’ आणि ‘सेइला’ अशी आहेत. रोमन अक्षरे उलट्या क्रमाने वाचली की त्यांतून ‘ॲक्सिस’ आणि ‘अलाइज’ ही दुसऱ्या महायुद्धातल्या दोन बाजूंची नावे निघतात. हाच उलटापालटीचा खेळ तीस वर्षांनी आपल्याकडे अधिक चांगल्या कारणासाठी खेळला गेला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ते नाव तयार केले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये, म्हणून कथा त्यांच्या पत्नीने, मंगलाताईंनी, लिहून काढली होती. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, कथेची पारख कथा म्हणून व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू होता.

हा प्रसंग मी केवळ अभिमानाने सांगत नाही. विज्ञानकथेच्या जगावर मराठीत कथा लिहायची असेल, तर कच्चा माल कुठे आहे, ते तो दाखवतो. स्पर्धा, परीक्षक, टोपणनाव, हस्ताक्षर, आणि मोठ्या शास्त्रज्ञाला वाटलेली ही शंका की, आपल्याला मिळणारी दाद कथेला असेल की पदाला. ज्योतिष्याला टोपणनावाची गरज कधीच पडत नाही. त्याचे सारे दुकान नावावर चालते.

वाचनाविषयी तुम्ही विचारले आहे, तर एकच कथा वाचायला सवड असेल तर एडमंड हॅमिल्टन यांची १९४३ ची ‘एक्झाइल’ वाचा. ती जेमतेम तीन-चार पानांची आहे. तिचा शेवट सांगितल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही, म्हणून ज्यांना कथा आधी वाचायची असेल, त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल गाळावा.

रात्रीच्या जेवणानंतर चार विज्ञानकथालेखक गप्पा मारत बसले आहेत. त्यांच्यापैकी कॅरिक नावाचा लेखक सांगतो की, त्याने एकदा एक काल्पनिक जग फार तपशिलात रचले आणि एके दिवशी तो स्वतःच त्या जगात जाऊन पडला. ते जग त्याने मुद्दाम रानटी, युद्धखोर आणि अंधश्रद्ध माणसांनी भरलेले रचले होते, कारण सुखी आणि सुसंस्कृत जगातून गोष्टीला काही खाद्य मिळाले नसते. मग तिथे पोट कसे भरलेस, असे मित्र विचारतात. तो म्हणतो, आधी जे करत होतो तेच करून. आपल्या मूळच्या, खऱ्या जगाच्या गोष्टी लिहिल्या आणि तिथल्या लोकांना त्या अचाट कल्पना म्हणून आवडल्या. मग तू परत कसा आलास, असे विचारल्यावर तो सांगतो की, तो परत आलेलाच नाही.

तर ते रानटी जग म्हणजे हेच आपले जग. कथेचे वर्ष १९४३, म्हणजे ऐन महायुद्धातले, हेही ध्यानात घ्या. पण माझ्या दृष्टीने या कथेतली खरी करामत शेवटच्या वाक्यात नाही. ती आधीच, कॅरिकने जग क्रूर का रचले याचे कारण तो सांगतो तिथे होऊन गेलेली आहे. सुखी जगाची गोष्ट कंटाळवाणी होते, ही आपल्या धंद्यातली रोजची, साधी अक्कल आहे. नव्या लेखकाला पहिल्याच कार्यशाळेत ती शिकवतात. हॅमिल्टन यांनी ही साधी अक्कल गुन्ह्यासारखी वापरली आणि लेखकाला तिची शिक्षा भोगायला लावली. इथे ज्योतिषी चालणारच नाही, कारण ज्योतिषी काही जगातले दुःख वाचकाची उत्सुकता टिकावी म्हणून वाढवत नाही. आपण वाढवतो. धंद्यातली एक खरी सवय हे कथेचे यंत्र झाले की कथा त्या धंद्याची होते. तुमचे मित्र ज्याला पाठ थोपटणे म्हणतात, त्याच्या नेमके उलटे इथे घडते.

याच लेखकाने एकवीस वर्षांनी, १९६४ मध्ये, ‘द प्रो’ ही कथा लिहिली. आयुष्यभर अंतराळयानांच्या गोष्टी लिहून पोट भरलेला एक म्हातारा होत चाललेला लेखक आहे आणि त्याचा मुलगा खऱ्या यानातून जायला निघाला आहे. लोक त्याला द्रष्टा म्हणून गौरवतात, तेव्हा तो कासावीस होतो, कारण आपण ते सारे घरखर्चासाठी लिहिले होते, हे त्याला ठाऊक आहे. आपल्याच पुस्तकांनी पोराला त्या यानापर्यंत नेऊन सोडले का, हा प्रश्न त्याचा पिच्छा सोडत नाही. हॅमिल्टन स्वतः १९२६ पासून लिहीत होते. ग्रह उद्ध्वस्त करणाऱ्या आणि ऐन वेळी वाचवणाऱ्या गोष्टींसाठी ते प्रसिद्ध होते. त्यामुळे ही कथा वाचताना ‘पोट भरले’ हे शब्द जड होतात. तुमच्या नायकाला बसलेला ‘हादरा’ मी वाचला, तेव्हा मला हीच कथा आठवली. हादरणे सोपे आहे, कासावीस होणे अवघड. आपली गोष्ट खरी झाली याची भीती कोणालाही वाटेल, पण ती आपण कशी, किती घाईत आणि किती मानधनासाठी लिहिली होती, याची शरम फक्त लेखकालाच वाटू शकते.

मानधनावरून आठवले. आयझॅक असिमॉव्ह यांची पहिली छापून आलेली कथा १९३९ ची. चौसष्टशे शब्द आणि चौसष्ट डॉलर, म्हणजे शब्दाला एक सेंट. त्या काळच्या मासिकांचा साधारण भाव तोच होता. शब्दावर पैसे मिळत असतील तर वाक्ये कशी फुगतात आणि संपादक त्यांना कशी कात्री लावतो, यातून लेखक आणि संपादक यांच्या भांडणाच्या कथा जन्माला आल्या. असिमॉव्ह यांची १९५३ ची ‘द मंकीज फिंगर’ ही त्यांतली चांगली. कथेची रचना कशी असावी, यावरून लेखक आणि संपादक दोघेही हटून बसतात आणि त्याचा निवाडा यंत्राला जोडलेल्या एका माकडाकडे जातो, जे कोणताही मजकूर सुरुवात करून दिली की पुढे टंकित करत राहते. शेक्सपिअरच्या एका ओळीत ते माकड नियमाला धरून असलेला, पण मूळ कवीने न वापरलेला शब्द घालते आणि संपादक तेवढ्यावर वाद जिंकतो : नियम कधी मोडायचा, हे प्रतिभावंताला कळते. मजकूर पुढे लिहून देणारी यंत्रे आज आपल्या सगळ्यांच्या घरात आलेली असताना ही कथा पुन्हा वाचावी, अशी माझी शिफारस आहे. आर्थर सी. क्लार्क यांनी १९६६ मध्ये याच नात्यावर आणखी छोटी गंमत केली. त्यांची ती ‘कथा’ म्हणजे संपादकाचे नकारपत्रच आहे आणि ते पत्र स्वतःलाच उद्धृत करत अनंतापर्यंत चालू राहते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते : मराठीत हे चालेल का? याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती परिस्थिती समजण्यासाठी अमेरिकेत हा प्रकार एवढा का फोफावला, हे पाहावे लागते. ह्युगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसकट छापली. त्या पत्त्यांमुळे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले, मंडळे निघाली आणि १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. त्याला जेमतेम दोनेकशे माणसे होती आणि तरीही गटबाजी इतकी, की एका गटाच्या सहा जणांना दारातच अडवले गेले. वाचक, लेखक आणि संपादक हे एकाच आळीत राहणारे लोक होते आणि आजचा पत्रलेखक उद्याचा लेखक होता. अशा आळीत आळीविषयीच्याच गोष्टी निघणार.

त्या आळीतला माझा सर्वांत आवडता प्रसंग कथा नाही, प्रत्यक्ष घडलेला आहे. ‘अस्टाउंडिंग’च्या नोव्हेंबर १९४८ च्या अंकात एका वाचकाचे पत्र आले. त्यात त्याने नोव्हेंबर १९४९ च्या, म्हणजे अजून वर्षभर निघायचा नसलेल्या अंकाचे परीक्षण लिहिले होते. कोणत्या लेखकाची कोणती कथा कशी वाटली, असे सारे अगदी गंभीरपणे. कॅम्बेल यांनी ते पत्र छापले, मग त्या लेखकांना गाठून त्याच शीर्षकांच्या कथा लिहून मागितल्या आणि वर्षभराने जवळजवळ तसाच अंक काढून दाखवला. रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘गल्फ’ ही कथा या थट्टेतून जन्माला आली. ‘भाकीत खरे होते’ या कल्पनेची यापेक्षा चांगली उकल मला अजून कोणत्याही कथेत मिळालेली नाही, कारण इथे भाकीत खरे करणारी शक्ती गूढ नाही. ती म्हणजे संपादकाचा हट्ट, लेखकांची भिडस्त हौस आणि ठरलेली मुदत.

आळीतल्या गोष्टींना एक धोकाही असतो. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५६ च्या ‘अ वे ऑफ लाइफ’ या कथेत अणुयुद्धानंतर उरलेल्या जगाची उभारणी विज्ञानकथांच्या चाहत्यांनी केलेली आहे आणि त्यांच्या मंडळांतले सांकेतिक शब्द हेच राज्यकारभाराचे आणि धर्माचे शब्द झाले आहेत. कल्पना झकास आहे, पण त्या काळचे ते शब्द ज्याला माहीत नाहीत, त्याला निम्मे विनोद कळतच नाहीत. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही कळले नव्हते. माझ्या परत आलेल्या कथेचा रोग हाच होता, फक्त आमची आळी त्याहूनही लहान होती.

मराठीत अशी दाट वस्तीची आळी नाही. आपली विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांतून, विज्ञानविषयक मासिकांतून आणि स्पर्धांमधून आली. वाचक बहुधा तिच्यासाठी म्हणून अंक घेत नाही, तर अंक चाळताना ती त्याच्या वाट्याला येते. म्हणून तुमची कथा सर्वसाधारण दिवाळी अंकात जाणार असेल, तर वाचकाला विज्ञानकथेच्या इतिहासाची शून्य माहिती आहे, असे धरून लिहा. विज्ञानविषयक मासिकात जाणार असेल, तर एखाददुसरा जुना संदर्भ चालून जाईल. हयात लेखकांना नावानिशी पात्रे करावे का, हेही असेच अवलंबून आहे. डिक यांना ते साधले, कारण त्यात जिव्हाळा होता आणि ज्यांची नावे घेतली, ते त्याच संमेलनात शेजारच्या खुर्चीवर बसणारे होते. आपल्याकडे वर्तुळ लहान आणि कातडी पातळ, त्यामुळे मी स्वतः ते टाळते. गेलेल्या लेखकांविषयी लिहितानाही सार्वजनिकरीत्या माहीत असलेल्या गोष्टींपलीकडे मी जात नाही.

एक पर्याय तुमच्या लक्षात आला नसेल, तो सुचवते. विज्ञानकथेवर भाष्य करणाऱ्या कथेत विज्ञानकथालेखक असावाच लागतो, असे नाही. विल्यम गिब्सन यांच्या १९८१ च्या ‘द गर्न्सबॅक कंटिन्युअम’ या कथेचा नायक छायाचित्रकार आहे. १९३० च्या दशकातल्या चकचकीत, ‘भविष्यवेधी’ इमारतींची छायाचित्रे काढता काढता त्याला ते कधीच न आलेले भविष्य डोळ्यांसमोर दिसू लागते आणि त्याची दहशत वाटू लागते. जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांवरचा हा इतका कठोर अभिप्राय एकाही लेखकपात्राशिवाय दिलेला आहे. दुसरा मार्ग जुन्या कथेला कथेनेच उत्तर देण्याचा. टॉम गॉडविन यांच्या १९५४ च्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’ या कथेत इंधन मोजून भरलेल्या यानात लपून शिरलेल्या मुलीला अखेर बाहेर अंतराळात मरणासाठी सोडावे लागते. गॉडविन तिला पुन्हा पुन्हा वाचवत होते आणि कॅम्बेल कथा पुन्हा पुन्हा परत पाठवत होते, हे प्रसिद्ध आहे. जेम्स पॅट्रिक केली यांनी १९९५ मध्ये ‘थिंक लाइक अ डायनोसॉर’ ही कथा लिहून त्याच निष्ठुर हिशेबाची पुन्हा झडती घेतली. तिच्यातल्या प्रवासिनीचे नाव कमला शास्त्री आहे, हे वाचून मला उगीचच बरे वाटले होते. मूळ कथा न वाचलेल्यालाही ती कळते आणि वाचलेल्याला दुप्पट कळते. तुम्हाला जे म्हणायचे आहे, ते असे म्हणता येत असेल तर नायकाच्या हातातली लेखणी काढूनच घ्या.

ती काढून घ्यायची नसेल, म्हणजे तुमचा नायक लेखकच हवा असेल, तर तुमच्या प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलेला ‘दिवाळी अंक’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. तुम्ही तो पार्श्वभूमी म्हणून वापरला आहे. मला तो यंत्र म्हणून दिसतो. मी चाळणीचे काम करत होते, तेव्हा कथा उन्हाळ्यात मागवल्या जात, पावसाळ्यात वाचल्या जात आणि पाने लागायची वेळ येई तेव्हा दसरा तोंडावर आलेला असे. लेखक ज्येष्ठात बसून दिवाळीच्या वाचकासाठी पुढच्या शतकाविषयी लिहीत असतो. मग मुद्रितशोधन होते आणि एखाद्या शास्त्रीय संज्ञेचे भलतेच काहीतरी होऊन बसते. शेवटच्या आठवड्यात कोणाची तरी पानभर जाहिरात येते आणि ती घ्यावीच लागते, कारण अंकाचा खर्च तिच्यावर चालतो. मग जी कथा त्या पानावर संपत असेल, तिचा शेवट कापला जातो. मी स्वतः असे शेवट कापलेले आहेत आणि माझेही कापले गेले आहेत. अंक हातात पडेपर्यंत लेखकाला त्याचा पत्ता नसतो.

हे तुमच्या कथेला लावून पाहा. नायकाने लिहिलेल्या गोष्टीच्या शेवटी संकट टळते. कोणीतरी एक साधी, हुशारीची गोष्ट करतो आणि गाव वाचते. तो शेवटचा परिच्छेद सोन्याच्या पेढीच्या जाहिरातीखाली गेला. वर्षभर जे खरे होत आहे, ते त्याने लिहिलेले की अंकात छापलेले? हस्तलिखिताची प्रत कोणाकडे आहे? कापणारा हात कोणाचा होता, आणि त्याला आता तो परिच्छेद आठवतो का? इथे ज्योतिषी बसवून पाहा, बसत नाही. शिवाय सर्वसाधारण वाचकाला यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही, कारण दिवाळी अंक आणि त्यातल्या जाहिराती त्याने लहानपणापासून पाहिलेल्या आहेत.

हे पटले नाही तर तुमची मूळ कल्पना ठेवा, पण मग नायकाला भविष्य ‘सुचते’ ते सारे प्रसंग काढून टाका आणि त्याने ती गोष्ट काय वाचून, कोणाच्या मागणीवरून आणि किती दिवसांत लिहिली, ते लिहा. साडेचार हजारांतले पहिले हजार शब्द बहुधा त्याच्या लेखनखोलीच्या वर्णनात गेले असतील. माझेही तेव्हा तिथेच गेले होते. ते कमी केले की नव्या मजकुराला जागा होईल. नवा खर्डा झाल्यावर तो त्याच दोन मित्रांना वाचायला द्या, मात्र या वेळी त्यांना कथा आवडली का, असे विचारू नका. नायक काय काम करतो आणि त्या कामामुळे गोष्टीत काय घडले, एवढेच त्यांना विचारा.